बिनकोटाच्या मर्चंडे बाई

मर्चंडे बाई रत्नागिरीच्या आमच्या विधी महाविद्यालयात रुजू झाल्या, त्याच्या तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला खुनाच्या आरोपात अडकवलं.

झालं असं, की त्या सकाळी ग्रंथालयात आल्या आणि म्हणाल्या, "अकरा वाजता माझ्या वर्गात या, टेबलावरची माझी पर्स उचला आणि काही न बोलता निघून जा." मी ग्रंथपाल. नवीन प्राध्यापिका सांगतायत म्हटल्यावर गेलो, पर्स उचलली आणि बाहेर आलो. अर्ध्या तासाने बाईंनी शिकवणं थांबवून मुलांना विचारलं, "मघाशी जो माणूस आला, त्याचं वर्णन लिहा." मुलांनी लिहिलं. कोणी मला चष्मा लावला, कोणी मिशी चिकटवली. शर्ट निळा, पांढरा आणि एकाच्या मते चौकडीचा. एका मुलीने तर 'संशयास्पद नजरेचा' असं लिहिलं होतं. माझ्याकडे चष्मा नाही, मिशी नाही, आणि नजरेचं म्हणाल तर माझी बायको तिला झोपाळू म्हणते.

बाईंनी सगळे कागद गोळा केले आणि शांतपणे म्हणाल्या, "आता समजा, या पर्सच्या मालकिणीचा खून झालाय. तुम्ही सगळे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहात. एकही जण खोटं बोलत नाही. आणि आपले ग्रंथपाल जन्मठेपेला चाललेत."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या हाताने केलेले तांदळाचे घावणे डब्यातून घेऊन आल्या. म्हणाल्या, "आरोपीला जेवण देणं सरकारचं कर्तव्य आहे." मग काय, जमलं आमचं. ते पुढे एकोणीस वर्षं जमलेलंच राहिलं. मी मूळचा आंजर्ल्याचा, म्हणून त्यांनी माझं आडनाव कधी घेतलंच नाही. 'आंजर्लेकर' अशीच हाक. आणि हाकही अशी, की ग्रंथालयातल्या शांततेच्या पाटीला कापरं भरावं.

बाई मंडणगडकडच्या. तिथल्या डोंगरातल्या एका गावच्या बौद्धवाडीत वाढलेल्या. उंची पाच फूट, तीही चप्पल धरून. आवाज मात्र सहा फुटांचा. पुरावा कायदा शिकवायच्या. पूर्ण वेळ प्राध्यापक असल्यामुळे त्यांना कोर्टात उभं राहून वकिली करता येत नव्हती. म्हणजे उभ्या आयुष्यात त्यांनी काळा कोट अंगावर चढवला नाही. पण ज्यांना गुन्हा नसताना शिक्षा झाली, अशा माणसांसाठी त्यांनी जितकं काम केलं, तितकं कोट घातलेल्या कितीकांनी केलं असेल, देव जाणे. महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र होतं. बाई येण्यापूर्वी त्याचं काम म्हणजे वर्षातून एकदा शिबिर भरवायचं आणि फोटो काढायचा. बाईंनी फोटो बंद केला आणि मुलांना घेऊन थेट तुरुंगात जायला लागल्या. रत्नागिरीच्या, कोल्हापूरच्या.

कैद्यांकडून निकालपत्रं, जबान्या, पंचनामे असे कागद यायचे. त्यांचे गठ्ठे माझ्या ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर पडायचे. त्या टेबलावर विद्यार्थ्यांनी बसावं अशी अपेक्षा होती. ती मी पहिल्याच वर्षी सोडली.

बाईंची एक खोड होती. साक्षीदारांच्या जबान्या त्या मोठ्याने वाचायच्या. मनातल्या मनात वाचल्यावर सगळंच खरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला कोणीही चालायचं. मी, शिपाई, फोटोकॉपीवाला, एकदा तर वाळवीचं औषध मारायला आलेला माणूस. "ऐका हो," म्हणायचं आणि सुरू. 'मी सदर इसमास पाहताच ओळखले व माझी खात्री झाली की...' असं काही आलं की कागद खाली ठेवून विचारायच्या, "तुम्ही घरी असं बोलता का? 'माझी खात्री झाली की आमटीत मीठ कमी आहे'? हे साक्षीदाराचं वाक्य नाही. हे लिहिणाऱ्याचं आहे." वाळवीवाल्याला ते इतकं पटलं, की तो पुढच्या खेपेला स्वतःहून विचारत आला, "बाई, त्या केसचं काय झालं?"

कैद्याने 'मी निर्दोष आहे' म्हटलं की मुलं हळहळायची. बाई हळहळायच्या नाहीत. म्हणायच्या, "सगळे तेच म्हणतात. विश्वास ठेवू नका. अविश्वासही ठेवू नका. कागद वाचा."

एकदा त्या फसल्या, तेव्हा हे वाक्य मला नीट कळलं. खेडजवळच्या एका माणसाचं प्रकरण होतं. भावाला विहिरीत ढकलल्याचा आरोप. बाईंनी दोन वर्षं त्याचे कागद उकरले, विहिरीचा कठडा मोजून आल्या, त्याच्या आईला भेटल्या. पंचनाम्यात ढिगाने चुका होत्या. बाईंची खात्री होत चालली होती. आणि एका भेटीत तो माणूस खाली मान घालून म्हणाला, "बाई, आता तुम्ही इतक्या वेळा आल्यावर खोटं बोलवत नाही. मीच ढकललं."

परतीच्या एसटीत मुलं चिडली होती. दोन वर्षं फुकट गेली, म्हणत होती. मीही त्या दिवशी सोबत होतो. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. घाट उतरल्यावर म्हणाल्या, "फुकट कशी? आपण विचारत राहिलो म्हणून त्याने सांगितलं. जिथे शिक्षा बरोबर आहे, तेही कोणीतरी तपासून बघायला हवं ना?" मग म्हणाल्या, "पण मला वाईट वाटलंय, आंजर्लेकर. आज माझ्याशी कायद्याचं काही बोलू नका." रत्नागिरी येईपर्यंत आम्ही फक्त माशांवर बोललो. पुढच्या भेटीला बाईंनी त्या माणसासाठी वाचायचा चष्मा नेला. आईची पत्रं त्याला वाचता येत नव्हती, हे त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

हे सगळं का करता, असं विचारलं की त्यांचं उत्तर दर वेळी वेगळं असायचं. प्राचार्यांना त्या म्हणायच्या, "मूल्यांकनाला येणाऱ्या नॅकच्या समितीला दाखवायला." पत्रकाराला म्हणाल्या, "घरी टीव्ही बिघडलाय." खरं उत्तर मला एकदाच मिळालं, तेही न विचारता. त्यांचे वडील तालुक्याच्या कोर्टात नक्कल कारकून होते. निकालाची स्वच्छ प्रत काढायचं काम. त्यांचं अक्षर इतकं सुरेख, की वकील मंडळी त्यांच्याच हातची नक्कल मागायची. "एकदा बाबा घरी आले," बाई म्हणाल्या, "जेवले नाहीत. आईने विचारलं तर म्हणाले, आज अक्षर फार छान आलं, पण निकाल चुकलाय. आई म्हणाली, मग साहेबांना सांगा. बाबा म्हणाले, माझं काम उतरवून काढायचं आहे." बाई त्या वेळी नववीत होत्या. एवढंच सांगून त्या माझ्याकडे स्टेपलरच्या पिना मागायला लागल्या.

आता सखारामची गोष्ट.

सखाराम गोताड हा पाडेली. म्हणजे माडावर, पोफळीवर चढून नारळ-सुपाऱ्या पाडणारा. संगमेश्वराकडचा माणूस, पण कामासाठी खाडीकाठच्या एका गावात येऊन राहिलेला. गावाचं नाव सांगत नाही, कारण यातली काही माणसं अजून तिथे नांदतायत. खाडीच्या पलीकडे एका बागायतदाराची वाडी होती. नारळ चोरल्याच्या संशयावरून बागायतदाराचं आणि सखारामचं चारचौघांत कडाक्याचं भांडण झालं होतं. पुढे काही दिवसांनी बागायतदार वाडीत मेलेला सापडला. मानेवर कोयत्याचे वार. वेळ दुपारची.

एका म्हाताऱ्याने जबानी दिली, की त्याच दुपारी बाराच्या सुमारास, जेवायला घरी परतताना, सखारामला हातात कोयता घेऊन खाडी ओलांडताना त्याने पाहिलं. भांडण होतं, कोयता होता, पाहणारा होता. सखारामला जन्मठेप झाली. त्याचं अपील तुरुंगातून मुंबईला उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे पडून राहिलं. बाई त्याला भेटल्या तेव्हा आत जाऊन दहा वर्षं झाली होती.

पहिल्या भेटीत तो म्हणाला, "बाय, मी नव्हतो तिथं. पन तां सांगून काय उपेग? हितं सगळेच तसा सांगतात."

बाई परत येऊन म्हणाल्या, "आंजर्लेकर, हा पहिलाच कैदी, ज्याने माझं वाक्य माझ्या आधी म्हटलं."

मग ते कागद आमच्या टेबलावर आले. म्हाताऱ्याची जबानी बाईंनी मला निदान सहा वेळा वाचून दाखवली. 'आरोपी हा गुडघाभर पाण्यातून खाडी पार करून बागेच्या दिशेने गेला.' मी दर वेळी ऐकलं आणि मान डोलावली. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे जे झालं त्यात माझी शोभा झाली.

बाईंच्या घरी दर दोन-तीन दिवसांनी पारूबाय मासे घेऊन यायच्या. मिरकरवाड्यातल्या खारवीण. बाईंच्या व्हरांड्यात बसून मासे साफ करून द्यायच्या आणि तेवढ्यात बाई त्यांना जबानी वाचून दाखवायच्या. पारूबायना कोर्टातल्या गोष्टी फार आवडत. त्या रविवारी मीही तिथे होतो, माझ्या वाट्याची सौंदाळी मासळी न्यायला.

बाईंनी ते वाक्य वाचलं. पारूबायचा हात सुरीवर थांबला.

"कुठली तिथ व्हती?"

"तारीख आहे," बाई म्हणाल्या आणि तारीख वाचली. वाचता वाचता थबकल्या. "थांबा. त्या दिवशी मी मंडणगडला होते. गावी विहारात कार्यक्रम होता, मी भाषण केलं होतं. वैशाखी पौर्णिमा होती ती."

पारूबाय हसायला लागल्या. पदराने तोंड पुसायला गेल्या तर हाताला खवले, म्हणून कोपराने पुसलं. "पुनवेच्या बारा वाजता गुडघाभर पानी? काय गो बाय, येवढी शिकलीस! पुनवेला बाराला खाडी तुडुंब भरलेली आसते. त्यो मानूस गेला आसंल तर पोहत गेला आसंल, नायतर बुडून मेला आसंल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोंगरातल्या. त्यांना भरतीचं गणित ठाऊक नसणं समजू शकतं. पण मी आंजर्ल्याचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकलो होतो. पौर्णिमेची पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकरा. बाराला पाणी उतरायला जेमतेम सुरुवात झालेली असणार. सहा वेळा ऐकूनही त्या तारखेची तिथी कोणती, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"आंजर्लेकर," बाई म्हणाल्या, "तुम्ही सौंदाळी घ्या आणि जा."

ज्या कोर्टात हा खटला चालला, तिथे सरकारी वकील, आरोपीला दिलेला वकील, तपास करणारा अधिकारी, सगळे योगायोगाने घाटावरचे, समुद्रापासून लांब वाढलेले. गावातल्या प्रत्येकाला भरती कळत होती, पण तिथी कोणी विचारली नाही आणि विचारल्याशिवाय कोर्टात बोलायचं नसतं, एवढंच गावाला माहीत.

पुढच्या पौर्णिमेला बाई आठ विद्यार्थ्यांना आणि मला घेऊन त्या खाडीवर गेल्या. एक होडीवाला ठरवला. मला वाटलं, काठीने पाणी मोजतील. बाईंनी पदर खोचला, कमरेला दोरी बांधली, दोरीचं टोक दोन मुलांच्या हातात दिलं, ऊन लागू नये म्हणून छत्री उघडली आणि पाण्यात उतरल्या.

"बाई, होडी आहे ना!" मी ओरडलो.

"सखाराम माझ्याएवढाच आहे उंचीने! वेळ सांगा!"

"अकरा छप्पन!"

"लिहा, कंबर!" दहा पावलं पुढे. "लिहा, छाती!" आणखी थोडं पुढे गेल्यावर पाण्यावर फक्त छत्री आणि छत्रीखाली बाईंचं डोकं दिसत होतं. खाडीचा पाऊण भाग अजून पुढे होता. "लिहा, आंजर्लेकर! हनुवटी!" मग एक लाट आली आणि पुढचा शब्द ऐकू आला नाही. मुलांनी दोरी ओढली.

काठावर ओल्याचिंब बसून त्यांनी आधी विचारलं, "लिहिलंत ना?" मी म्हटलं, कोर्टात सांगता येईल आता. तर म्हणाल्या, "कोर्टात हनुवटी चालत नाही. कागद लागतो. हे मी माझ्या खात्रीसाठी केलं." एका पौर्णिमेने त्यांची खात्री झाली नाही, हे वेगळं सांगायला नको. आम्ही तीन पौर्णिमा गेलो. तिसऱ्या वेळेपर्यंत गावातली मुलं छत्री बघायला काठावर गर्दी करायला लागली होती.

बाईंनी बंदर खात्याकडून त्या वर्षीचं भरती-ओहोटीचं छापील पत्रक मिळवलं. आणि मग त्या म्हाताऱ्या साक्षीदाराला भेटायला गेल्या. मुलांना वाटत होतं, त्याला चांगलं फैलावर घेतील. म्हातारा पडवीत सोललेल्या सुपाऱ्या निवडत होता. बाई त्याच्या शेजारी बसून सुपाऱ्या निवडायला लागल्या. बऱ्याच वेळाने विचारलं, "आजोबा, सखारामाला तुम्ही खाडीतून चालत जाताना बघितलं ना?"

"बघितला. शपथेवर सांगितलाय."

"पाणी किती होतं?"

"गुडघ्याला."

"मग पुनव नसेल हो ती."

म्हातारा सुपारी हातात धरून बसून राहिला. त्याचे ओठ हलत होते. तो दिवस मोजत होता. मग म्हणाला, "आठम आसंल. आठमीला बाराला वहटी." हातातली सुपारी खाली ठेवली. "पोलिसांनी इचारलं, त्याच दिवशी ना? मी म्हटलं, आसंल." आणि एकदम रडायला लागला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर आल्यावर मुलांना म्हणाल्या, "कोणी त्याला खोटारडा म्हणायचं नाही. त्याने माणूस बरोबर पाहिला, कोयता बरोबर पाहिला, पाणी बरोबर पाहिलं. दिवस तेवढा दुसऱ्याने घातला."

बाईंची जुनी विद्यार्थिनी नाझनीन मुंबईत उच्च न्यायालयात वकिली करत होती. बाईंनी सगळे कागद तयार करून दिले. कोट घालून उभी राहिली नाझनीन. भरतीचं पत्रक पुरावा म्हणून दाखल करून घ्यावं, असा अर्ज झाला. सरकारी बाजूने म्हणणं आलं, की आरोपी होडीने गेला असेल. नाझनीनने एवढंच विचारलं, की मग साक्षीदाराने पाहिलं ते काय? सुनावणीच्या दिवशी बाई मागच्या बाकावर होत्या. त्यांच्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला त्या कुजबुजत जबानी वाचून दाखवत होत्या, असं नाझनीनने मला नंतर सांगितलं.

सखाराम सुटला. अकरा वर्षं आणि काही महिने झाले होते.

कोल्हापूरला तुरुंगाच्या दाराशी आम्ही चौघं होतो. सखारामची बायको, तिचा भाऊ, बाई आणि मी. तो पिशवी घेऊन बाहेर आला. बायकोसमोर येऊन उभा राहिला. त्याचे केस पांढरे झाले होते, तिचेही. तीच आधी म्हणाली, "बारीक झालास." तो म्हणाला, "तू पन." बाई पाठ फिरवून समोरच्या चहाच्या गाडीवर गेल्या आणि पाच चहा सांगितले. चहावाल्याशी साखर कमी की जास्त यावर त्या इतका वेळ वाद घालत राहिल्या, की मी समजलो. इकडे तोंड करायची त्यांची तयारी नव्हती.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. रत्नागिरीतलं घर आवरून कोल्हापूरला दोन खोल्या घेऊन राहणार, असं त्यांनी जाहीर केलं. का, तर "तुरुंग जवळ पडतो." लोक निवृत्तीनंतर मुलांजवळ राहायला जातात, देवळाजवळ जातात. बाईंनी असा शेजार निवडला.

त्या निघायच्या आधीच्या रविवारी मी निरोप घ्यायला गेलो. सामान बांधून झालं होतं. अंगणात सखाराम उभा होता. आपल्या गावाहून सकाळच्या एसटीने आला होता. बाईंच्या परसात एक उंच माड होता, बरीच वर्षं कोणी न पाडलेला. सखाराम त्याच्याकडे बघत म्हणाला, "बाय, जाताना नारळ घेवन जा. पाडतंय."

"अजिबात नाही!" बाई ओरडल्या. "अकरा वर्षं चढला नाहीस. पन्नाशी उलटली. आंजर्लेकर, सांगा त्याला!"

मी काही सांगायच्या आत त्याने पायात दोरीचा फास अडकवला होता. पहिले चार हात तो अडखळला. बाईंनी डोळे मिटून घेतले. हनुवटीपर्यंतच्या पाण्यात छत्री घेऊन उभी राहणारी ही बाई, तिला वर बघवत नव्हतं. मग त्याच्या अंगाला लय सापडली. तो चढत गेला, झावळ्यांत शिरला आणि दिसेनासा झाला. धप धप करून नारळ पडले. दहा, बारा. मग पडायचे थांबले. पण सखाराम खाली येईना.

"सखाराम!" बाईंनी हाक मारली. "काय झालं रे?"

वरून आवाज आला, "काय नाय बाय. हितनं समुद्र दिसतो."

बाई पुन्हा हाक मारणार होत्या. तोंड उघडलं होतं त्यांनी. ते तसंच मिटलं. व्हरांड्यातली शेवटची न बांधलेली खुर्ची त्यांनी स्वतः ओढत अंगणात आणली, माडापासून जरा लांब ठेवली आणि बसल्या.

मला बस गाठायची होती. मी हळूच विचारलं, "उतरायला सांगू का त्याला?"

"नको," बाई म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात त्या बोलू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. "बसू दे."

मी फाटकाची कडी लावताना मागे वळून पाहिलं. बाई खुर्चीत मान वर करून बसल्या होत्या. वर झावळ्यांत दोन काळे पाय तेवढे दिसत होते, लहान मुलासारखे हलत.